सातवं विधान

२ फेब्रुवारी, सोमवार

कागद आज आले. प्रश्नावलीच्या शंभर प्रती, ब्रिस्बेनच्या हॅलोरन मॅडमच्या सहीचं पत्र आणि एक नवा स्टेपलर. हेडमास्टर मोरेआ सर म्हणाले, "स्टेपलर ऑफिसात राहील." म्हटलं, राहू दे.

वीस विधानं आहेत. प्रत्येकापुढे पाच चौकोन : अगदी पटतं, पटतं, सांगता येत नाही, पटत नाही, अजिबात पटत नाही. अकरावीच्या मुलांनी एकात खूण करायची. उत्क्रांतीचा धडा शिकवण्याआधी एकदा आणि शिकवून झाल्यावर पुन्हा एकदा. दोन्हींतला फरक म्हणजे माझं शिकवणं. हे काम नीट झालं तर पुढच्या वर्षी ब्रिस्बेनच्या विद्यापीठात, मॅडमच्या हाताखाली संशोधन. आमच्या आख्ख्या तिंबाइ कुळाने मिळून मला शिकवलं आहे. त्यांच्यात पदवी घेतलेली मी पहिलीच. ते ऋण असं फेडता आलं तर किती बरं होईल.

ही वहीसुद्धा मॅडमनीच ठेवायला सांगितली. संशोधकाने शंका लिहून ठेवाव्यात म्हणे, लपवू नयेत. म्हणून पहिली शंका : कागदावर मुलांनी नाव लिहायचं नाही असा नियम आहे. मग आधीचा आणि नंतरचा कागद एकाच मुलाचा हे कळणार कसं? मी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडा घातला आहे आणि कुठला आकडा कुणाचा त्याची वेगळी यादी केली आहे. यादी घरी बायबलमध्ये ठेवली. त्या पुस्तकाला आमच्याकडे सगळे हात लावतात, उघडत कुणी नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सत्तेचाळीस मुलांनी कागद भरले. तेवीस वरच्या उतारावरची, ओमकेर कुळातली. चोवीस आमची, नदीकाठची. ओमकेर उजव्या बाकांवर, तिंबाइ डाव्या. मी कितीदा मिसळून बसवलं तरी सुट्टीनंतर तेलपाण्यासारखी पुन्हा वेगळी होतात.

"बाई, यात नापास झालो तर?" यारिकने विचारलं. तो ओमकेरांचा, फुटबॉलचा कॅप्टन.

"यात कुणी नापास होत नाही."

"मग हा पेपर कसला? ही तर प्रार्थना झाली."

सगळे हसले. सोलम मात्र हसली नाही. उजवीकडच्या पहिल्या बाकावर बसते, वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. ती कागद दोन्ही हातांनी झाकून बसली होती.

"बाई, खरंच कुणी वाचणार नाही?"

"माझ्याशिवाय कुणी नाही."

"पण तुम्ही तिंबाइच्या."

"इथे मी तिंबाइची नाही आणि कुणाचीच नाही," मी म्हटलं. "इथे मी विज्ञानाची."

ती लिहायला लागली. ते वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं. घरी येताना दोनदा मनात म्हणून पाहिलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

मोजणी झाली. माझा विश्वासच बसत नाही.

सातवं विधान असं आहे : "आजच्या माणसाचे फार फार जुने पूर्वज माणूस नव्हते, प्राणी होते." आमच्या चोवीसांपैकी वीस जणांनी "अजिबात पटत नाही"वर खूण केली आहे. पास्टरांनी वर्षानुवर्षं घोकून घेतलंय, दुसरं काय होणार? पण ओमकेरांच्या तेवीसच्या तेवीस मुलांनी "अगदी पटतं"! एकही खूण इकडेतिकडे नाही. धडा शिकवण्याच्या आधी!

शंका : हीच मुलं बाराव्या विधानाला, म्हणजे पृथ्वीच्या वयाला, "सांगता येत नाही" म्हणतात. आणि सगळ्या सजीवांचे पूर्वज एकच होते, हे तर त्यांना मुळीच पटत नाही. याची संगती लागत नव्हती. मग चौदा नंबरचा कागद हातात आला आणि उलगडा झाला. सातव्या विधानाच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं आहे :

"बाई, तो कुत्रा होता. त्याचा पुढचा डावा पाय पांढरा. दोघी बहिणी तहानेने मरत होत्या, त्यांना त्याने पाणी दाखवलं आणि मग तो त्यांच्यापाशीच राहिला. आम्ही त्याचे. हे पुस्तकात आहे का?"

चौदा म्हणजे सोलम.

लहानपणी आम्ही त्यांना "कुत्र्याची पोरं" म्हणायचो. एकदा आईने त्यावरून माझं थोबाड फोडलं होतं. ती नुसती शिवी आहे असं मला वाटायचं. ती त्यांचीच, त्यांनी जपलेली कथा आहे हे आज कळलं. माझी आजी मेरेबा, आईची आई, ओमकेरांचीच मुलगी. आमच्यात लग्न होऊन आली. तिला मी एकदा विचारलं होतं, "आजी, तुम्ही वरचे लोक कुठून आलात?" तिने चुलीतलं गरम रताळं माझ्या तोंडात कोंबलं. जीभ चांगली आठवडाभर सोललेली होती. आता वाटतं, केवढं सुंदर काहीतरी ती लपवत होती! आपण प्राण्यांपासून आलो हे ज्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालंय, त्यांना विज्ञान शिकवायला कितीसा वेळ लागणार? ती मुलं आधीच दारात उभी आहेत. मॅडमना हे सगळं, सोलमचं नाव न घेता, लिहून कळवलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस जपून ठेवावा असा. चर्चनंतर सगळे चुलीभोवती बसलो होतो आणि माझ्या भावाने, कास्परने, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल विचारलं.

"काय गं ब्रिजिटा, त्या पोरांना कागदावर काय विचारतेस?"

मी सगळं सांगितलं. पाच चौकोन कशासाठी, आकडे कशासाठी, सरासरी कशी काढतात. उरिमकाकासुद्धा कान देऊन ऐकत होता. तो तर मी शाळेचं बोलायला लागले की घोरतो. "आणि वरच्यांनी काय लिहिलं?" त्याने विचारलं. मी पिशवीतून चौदा नंबरचा कागद काढून वाचून दाखवला. नाव अर्थातच सांगितलं नाही. कास्परने दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

"कुठला पाय म्हणालीस?"

"डावा. पुढचा."

"आणि कुणी लिहिलंय हे?"

"ते मी सांगू शकत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तुझं तत्त्व तुलाच लखलाभ," तो म्हणाला आणि खो खो हसला. कागद हातात घेऊन कोपऱ्यातला आकडा निरखत होता. मी म्हटलं, बघ, अशी असते संशोधनाची पद्धत. आई तेवढी उठून डुकरांना घालायला निघून गेली. तिला हे सगळं कंटाळवाणं वाटत असणार.

माझ्या माणसांना माझं काम कळावं, एवढीच माझी इच्छा होती. आज कळलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

निकालाचा तक्ता सूचनाफलकावर लावला. ओमकेरांचा उंच पिवळा खांब आणि तिंबाइचा बुटका तांबडा. खाली लिहिलं : "वरच्या उतारावरच्या सर्व विद्यार्थ्यांचं अभिनंदन. माणसाचा पूर्वज प्राणी होता हे तेवीसपैकी तेवीस जणांना पटतं." आमच्या पोरांना जरा लाज वाटली पाहिजे.

मोरेआ सर समुद्रकिनाऱ्याकडचे. त्यांना आमच्या भांडणांत रस नाही. "हे काय, निवडणुकीचा निकाल?" म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

यारिक मात्र तक्त्यासमोर खूप वेळ उभा होता. मग माझ्याकडे आला.

"बाई, हे काढा."

"अरे, तुमचं कौतुक आहे त्यात."

"बाई, काढा."

"सोमवारी काढते. दोन दिवस तरी राहू दे."

तो मैदानाकडे निघून गेला. कौतुक करून घ्यायची या मुलांना सवयच नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

जमेल तेवढं लिहिते.

दुपारी वरचे विरुद्ध खालचे असा फुटबॉलचा सामना होता. दोन्हीकडची गावं आली होती. मध्यंतर झाल्यावर आमच्या बाजूने एक जण भुंकला. एकच. मग दुसरा. मग नदीकडचा आख्खा बांध भुंकायला लागला. बाप्ये, बायका, पाचवीतली पोरं, सगळे. मैदान आखायच्या चुन्याची बादली तिथे होती. कुणीतरी डावा हात मनगटापर्यंत त्यात बुडवला आणि पांढरा हात वर धरून लंगडत मैदानात फिरला. त्याच्यामागे अजून चार-पाच पांढरे हात. "पांढऱ्या पायाचं! ये, ये! पाणी दाखव पाणी!"

ओमकेरांचे म्हातारे एकदम गप्प झाले. यारिकने कोपऱ्यातली झेंड्याची काठी उपटली आणि पहिल्या पांढऱ्या हातावर घातली. हाड मोडल्याचा आवाज पंचाच्या शिट्टीतूनही ऐकू आला.

त्यानंतर कोण कुणाला मारत होतं ते सांगता येणार नाही. कुंपणाच्या फळ्या, दगड, बाटल्या. माझ्या वर्गातल्या दोन मुलांना एकमेकांचे कान धरून डोकी दगडावर आपटताना पाहिलं. दोघंही पहिल्या पाचात येणारी. मी मध्ये पडले तर कुणाचातरी गुडघा माझ्या तोंडावर बसला. एक दात हलतोय. संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेच्या टेबलावर जखमा शिवत होते. तिघांना आरोग्यकेंद्रात पाठवलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

तक्ता काढला. फाडून टाकला.

शंका : तक्त्यावर मी फक्त आकडे लिहिले होते. पांढरा पाय नव्हता लिहिला. जुना टोमणा असेल म्हणून आईला विचारलं, तर म्हणाली, "मी जन्मापासून इथे आहे, असं कधी ऐकलं नाही." आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच नजर फिरवली.

कास्परच्या नखांत चुना आहे. म्हणाला, मैदान आखायला मदत केली. शाळेकडे कधी न फिरकणारा हा!

२६ फेब्रुवारी, गुरुवार

यारिकला मारलं.

बाजारातून परतताना, पुलाखालच्या कॉफीच्या झाडांत. सहा-सात जण होते म्हणतात. सगळ्यांकडे कोयते. त्याच्या माणसांनी त्याला एका उखडलेल्या दाराच्या फळीवर घालून शाळेसमोरून नेलं, आम्ही बघावं म्हणून मुद्दाम हळूहळू. अंगावर शाळेचाच शर्ट होता. मान एका बाजूला जवळपास सुटली होती. आणि डावा हात मनगटापासून नव्हता.

तो तासाभराने सापडला. मैदानावर, चुन्याच्या बादलीत.

सोलम पटांगणात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. रडत नव्हती. पाचव्या तासाला ती वर्गात आली नाही, मग कुणीच आलं नाही.

"सोमवारी काढते," असं मी त्याला म्हटलं होतं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ओढ्यावर कास्पर त्याचे गमबूट धूत होता. मी विचारण्याआधीच म्हणाला, "डुक्कर कापलं काल. उरिमकाकाकडे." आमच्यात डुक्कर कापलं की माझ्या वाट्याचा पोटाचा तुकडा घरी येतो, अगदी मी विद्यापीठात असतानाही आई तो धुरावर टांगून ठेवायची. आज घरी रताळी आणि पाला होता.

हे फक्त लिहून ठेवते आहे.

१ मार्च, रविवार

ओमकेर पहाटेनंतर, चर्चची घंटा झाल्यावर उतरले. सगळे चर्चला निघायच्या गडबडीत असतील अशी वेळ साधून. आधी वसतिगृह पेटवलं, मग प्रयोगशाळा, मग नदीकडची आमची घरं. पेटलेल्या गवताच्या छपराचा आवाज पावसासारखा येतो. उरिमकाका दारात धनुष्य घेऊन उभा राहिला, दोन बाण सोडले आणि तिसरा लावत असताना त्याच्या डोक्यात कुऱ्हाड बसली. तो बसला, जणू दमून बसला, आणि मग आडवा झाला. शेजारच्या अनावे मावशीला तिच्याच उंबऱ्यात भाल्याने भोसकलं. ती मुलांना पुढे ढकलायला मागे थांबली होती.

या वहीची पिशवी खांद्याला होतीच, पळताना मी वर फक्त बायबल उचललं. आई धापा टाकत म्हणाली, "देव आठवला ना शेवटी?" मी काय सांगणार होते? मी ते यादीसाठी घेतलं होतं.

प्रश्नावलीचे सगळे कागद प्रयोगशाळेत जळाले. चौदा नंबरचाही. हे कळल्यावर मला बरं वाटलं. दोन माणसं मेल्याच्या दिवशी मला कशाने तरी बरं वाटलं, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

४ मार्च, बुधवार

शाळेला लागून असलेल्या मिशनच्या आवारात आमची दीडशे माणसं. पोलीस तीन, गाडी एक, तीही बंद. पास्टर दोन्हीकडे निरोप पोचवतात.

ओमकेरांचा म्हातारा कुंडाक, त्याचा निरोप आज आला. पास्टरांनी सगळ्यांसमोर सांगितला : "तुम्ही भुंकलात, त्याचं आपण नंतर बघू. पण पांढरा पाय आमच्या माणसाने सांगितल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही. ज्याने ते बाहेर सांगितलं ते तोंड आधी आम्हाला द्या. शनिवारी आम्ही मैदानावर येऊ, त्या तोंडाचा निकाल लावू आणि हे थांबवू. नाहीतर तुमची शेवटची चूल विझेपर्यंत थांबणार नाही."

कास्परने माझं मनगट धरलं आणि शाळेच्या जळक्या भिंतीमागे नेलं.

"चौदा नंबर कोण?"

तेव्हा मला सगळं कळलं. खरं तर आधीच कळलं होतं. चुन्याची नखं, धुतलेले बूट, चुलीपाशी दोनदा वाचून दाखवलेला तो कागद. मी हे सगळं याच वहीत ओळीने लिहिलं आहे आणि एकदाही बेरीज केली नाही. सत्तेचाळीस कागदांची केली.

"कास्पर, तिचे स्वतःचे मामा-काका तिला मारतील."

"तिला. म्हणजे पोरगी आहे," तो म्हणाला. "ब्रिजिटा, एक पोरगी. त्यांची. इथे आपली दीडशे माणसं उघड्यावर पडलीत. तुला शिकवलं कुणी? त्यांनी?"

"यादी जळाली."

"खोटं. बायबल उराशी धरून झोपतेस. तू आणि बायबल!"

मी पळत स्वयंपाकाच्या चुलीपाशी गेले आणि सगळ्यांसमोर तो कागद आत टाकला. तो मागून आला तोवर काळा झाला होता. त्याने मला उलट्या हाताने मारलं. हलणारा दात पडला.

"काही हरकत नाही," तो म्हणाला. "तुझ्या डोक्यात असेलच. तू हुशार ना आमची."

६ मार्च, शुक्रवार

तीन वेळा विचारलं. आज चौघे जण होते. बायकाही आता विचारतात, हळू आवाजात, हात हातात घेऊन, आणि ते जास्त वाईट आहे. अनावे मावशीची धाकटी माझ्या मांडीवर झोपते. तिच्या आजीने एवढंच म्हटलं, "हिला अजून किती दिवस इथे झोपवायचं, सांग."

मी नाव सांगितलं नाही तर ही मुलं. सांगितलं तर सोलम. मी तिला म्हटलं होतं, माझ्याशिवाय कुणी नाही.

शंका नाही. आज पहिल्यांदाच शंका नाही. फक्त भीती आहे.

७ मार्च, शनिवार

(हे सोळा तारखेला, डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर लागत नाही.)

मैदानाच्या दोन टोकांना दोन रांगा. मध्ये पास्टर आणि तीन पोलीस. कुंडाकने हाक दिली, "तोंड कुठे आहे?" कास्पर मला पुढे ढकलणारच होता. मीच पुढे गेले.

म्हटलं, "तुमच्या मुलांनी काही सांगितलेलं नाही. ते कागद मी भरले. तेवीसच्या तेवीस. परीक्षा चांगली दिसावी, मला परदेशात जाता यावं म्हणून मी खोट्या खुणा केल्या. पांढऱ्या पायाचं मीच लिहिलं आणि घरी बोलले."

"तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या आजीने. मेरेबाने. मी तिच्या मांडीवर होते तेव्हा."

दोन्ही रांगांतून एकच आवाज आला, ओल्या लाकडावर घाव बसावा तसा. म्हातारा जवळ आला. त्याचे डोळे ओले होते. "मेरेबा माझी चुलत बहीण," तो म्हणाला. "तिने सांगितलं?"

"हो."

"केव्हा मेली?"

"नऊ वर्षं झाली."

मागे त्यांच्या बायकांत सोलम होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मग तो आमच्या रांगेकडे वळून मोठ्याने म्हणाला, "मेलेलं तोंड आमचं. त्याचं आम्ही बघू. जितं तोंड तुमचं. त्याचं तुम्ही बघा. यारिकच्या खुनाचं बोलणं नंतर." आणि ते निघून गेले. कुणी बाण सोडला नाही.

माझ्या माणसांनी निदान मी घरी पोचेपर्यंत तरी थांबायला नको होतं का? मैदानावरच. कास्पर पहिला. त्याच्याकडे फावड्याचा दांडा होता. तो म्हणत होता, "खुणा तू केल्यास? तू केल्यास? त्यापायी मी..." आणि पुढचं बोलला नाही, मारत राहिला. उजवा हात मी डोक्यावर धरला होता, तो दोन ठिकाणी मोडला. मग बाकीचे. मला ज्यांनी शिकवलं ते जवळपास सगळेच होते. अनावे मावशीचा नवराही. शेवटी आई माझ्या अंगावर आडवी पडली तेव्हा थांबले.

२३ मार्च, सोमवार

आरोग्यकेंद्र. हाताला सळई. लघवीतून रक्त येणं थांबलं.

ओमकेर त्या शनिवारीच मैदानावरून आजीच्या थडग्यावर गेले. लाल पानांची रोपं उपटली, क्रूस मोडला आणि डोक्याकडची माती उकरून, जिथे तोंड असेल तिथे, जळकं लाकूड ठोकलं. पन्नास वर्षं आमच्यात राहून जिने एक शब्द काढला नाही, तिचं तोंड.

लढाई थांबली आहे. सोळा दिवस कुणी मेलं नाही. आई भेटायला येत नाही.

१३ एप्रिल, सोमवार

शाळा ताडपत्रीखाली सुरू झाली. मला शिकवायची परवानगी नाही, ऑफिसात बसते. मॅडमचं पत्र आलं आहे. मोरेआ सरांनी त्यांना सगळं कळवलं. पत्र सभ्य आहे. ज्याने माहिती बनावट भरल्याचं जाहीर कबूल केलं त्याच्याबरोबर पुढे काम करता येणार नाही, तुमच्यातली निष्ठा मला खरी वाटली होती, वगैरे. मी उत्तर लिहिलं नाही. खरं लिहिलं तर तिकडे मान परत मिळेल, पण ते पत्र कधीतरी कुणीतरी वाचेल. आपल्याशिवाय कुणी वाचणार नाही, यावर माझा आता विश्वास नाही.

दुपारी सोलम ऑफिसात खडू मागायला आली. आम्ही दोघीच होतो.

"बाई, माझ्या त्या कागदावर काय होतं?"

"काही नाही. समास कोरा होता."

"हो," ती म्हणाली. "मलाही तसंच आठवतं."

खडू घेतला आणि गेली. दारात क्षणभर थांबली, पण वळली नाही. तेच बरं झालं.

१९ एप्रिल, रविवार

कास्पर किनाऱ्याकडे गेला, पाम तेलाच्या मळ्यात, कुणा ओळखीच्याकडे. पोलीस एकदा विचारून गेले. आई म्हणाली, माहीत नाही. मीही म्हणाले, माहीत नाही. यारिकच्या आईला मी काय देणं लागते ते कुठल्याही विधानात बसत नाही. गमबूट अजून दारात आहेत.

आज आई पहिल्यांदा माझ्यासमोर बसली. चुलीत रताळी होती.

"माझ्या आईने मला नाही सांगितलं," ती म्हणाली. "मी तिची एकुलती एक. मरताना विचारलं, तरी नाही सांगितलं. तुला सांगितलं?"

मी डाव्या हाताने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"सांगितलं का?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिने राखेतून रताळं उचललं आणि माझ्या तोंडात कोंबलं. जीभ भाजली. डोळ्यांतून पाणी आलं. तिच्याही. कितीतरी वेळ तिने तिचा हात माझ्या तोंडावरून काढला नाही.

मग म्हणाली, "चल, थडगं नीट करायचंय. ऊन चढायच्या आत."

आम्ही जळकं लाकूड उपसून काढलं. आईने लाल पानांची नवी रोपं आणली होती. माती परत लोटण्याआधी तिने माझ्या पिशवीकडे पाहिलं. ही वही त्यात असते हे तिला नेहमीच माहीत होतं. हिच्यात सोलमचं नाव आहे, चौदा आकडा आहे, बूट आहेत. जाळावी असं वाटलं होतं, पण मग आजीवर मी घातलेला आळ कायमचाच राहिला असता. कुठेतरी खरं लिहिलेलं असू दे.

प्लास्टिक आणलं आहे. ही शेवटची ओळ लिहून गुंडाळते आणि डोक्याकडच्या मातीत ठेवते. आजी कुणालाही सांगणार नाही.